डबाबंद खाद्यपदार्थांची सागरी वाहतूक

उष्णतेने निर्जंतुक करून हवाबंद पात्रांत भरलेले आणि नेहमीच्या तापमानाला दीर्घकाळ टिकणारे खाद्यपदार्थ जहाजांतून एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याच्या व्यवहारास ही संज्ञा लावतात. कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे डबे, काचेच्या बरण्या, धातूचे पातळ पापुद्रे असलेली पाकिटे आणि निर्जंतुक अवस्थेत भरलेल्या कागदी पेट्या ही या व्यवहारातील प्रमुख पात्रे होत. अशा पदार्थांना वाटेत शीतगृहाची गरज लागत नाही. त्यामुळे जहाजाला कितीही दिवस लागले, तरी पदार्थ मूळ अवस्थेत राहतो, अशी अपेक्षा असते. आटवलेले दूध, खारवलेले मांस, मासे, फळांचे गर व रस, भाज्या आणि शिजवलेले तयार अन्न यांचा जागतिक व्यापार याच अपेक्षेवर उभा आहे.

डब्याचा मुख्य गुण हीच त्याची मुख्य अडचणही आहे. बंद डब्यातील पदार्थ चांगला आहे की नाही, हे डबा उघडल्याशिवाय निश्चित कळत नाही. आणि एकदा उघडला, की तो टिकाऊ राहत नाही. ताज्या बाजारात ग्राहक माल पाहून, हुंगून व हाताळून घेऊ शकतो. डब्याच्या बाबतीत मात्र त्याला हजारो किलोमीटर दूर असलेल्या, कधीही न पाहिलेल्या उत्पादकावर विश्वास ठेवावा लागतो. या व्यवहाराचा दोनशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हा विश्वास कसा निर्माण झाला, कोठे तुटला आणि कोणत्या उपायांनी पुन्हा जोडला गेला, याचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : शिडाच्या जहाजांच्या काळात लांबच्या सफरीवर खलाशांना मिठात मुरवलेले मांस, कडक बिस्किटे, वाळवलेला वाटाणा आणि चीज यांवर राहावे लागे. उष्ण कटिबंधात बिस्किटांत किडे पडत व मांसाच्या पिंपांना दुर्गंधी सुटे. ताज्या फळभाज्यांच्या अभावी स्कर्व्ही रोग होऊन, युद्धापेक्षा अधिक खलाशी या रोगाने दगावत. जेम्स लिंड या शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ या जहाजावर केलेल्या प्रयोगांत संत्री व लिंबे यांचा गुण दिसून आला होता. तथापि ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ मध्ये सुरुवात केली. रोगावर उपाय सापडला, तरी मांस व भाज्या महिनोन्‌महिने ताज्यासारख्या ठेवण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. आटवून वड्या केलेले मांसाचे सार कॅप्टन जेम्स कुकच्या सफरीवर नेण्यात आले होते; परंतु ते पूर्ण अन्नाची जागा घेऊ शकत नव्हते.

आपेरची पद्धती : या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर नीकॉला आपेर (१७४९–१८४१) या फ्रेंच मिठाईवाल्याने शोधून काढले. १७९५ च्या सुमारास त्याने प्रयोगांस आरंभ केला. पदार्थ रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून व तारेने बांधून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवावयाच्या, अशी त्याची रीत होती. फ्रेंच नौदलाने त्याच्या बाटल्यांची समुद्रावर चाचणी घेतली आणि काही महिन्यांनंतरही पदार्थ खाण्यायोग्य असल्याचे आढळले. आपली कृती सर्वांसाठी प्रसिद्ध करावी, या अटीवर फ्रेंच शासनाने १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले व त्याच वर्षी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पदार्थ का टिकतो, हे मात्र आपेरला ठाऊक नव्हते. हवा निघून गेल्याने कुजणे थांबते, अशी त्या काळी समजूत होती आणि ती पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कायम राहिली. या समजुतीची किंमत नंतर मोजावी लागली.

पत्र्याचा डबा : काचेच्या बाटल्या जहाजाच्या हेलकाव्यांत फुटत. १८१० मध्येच पीटर ड्युरँड याने इंग्लंडमध्ये घेतलेल्या एकस्वात (पेटंटात) काचेबरोबरच कथिलाच्या पत्र्याच्या पात्रांचाही उल्लेख होता. ही कल्पना आपणास एका परदेशी व्यक्तीकडून मिळाल्याचे त्याने नमूद केले होते. हे हक्क पुढे ब्रायन डाँकिन या अभियंत्याकडे आले. डाँकिन, जॉन हॉल व जॉन गँबल यांनी लंडनच्या बर्मंड्झी भागात कारखाना उभारला आणि १८१३ पासून ब्रिटिश नौदलास डबे मिळू लागले. हे डबे हाताने कापून, वाकवून व झाळून तयार करीत. डबे जाड व जड असून ते उघडण्यास छिन्नी व हातोडा वापरावा, अशी सूचना त्यांवर असे. डबे उघडण्याची खास हत्यारे प्रचारात आली, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. माल कारखान्यातून बाहेर पाठविण्यापूर्वी डाँकिनच्या कारखान्यात डबे काही काळ उबदार जागी ठेवीत. जे फुगत ते बाद करीत. उबवणीची ही चाचणी निर्यात मालाच्या तपासणीत आजही वापरली जाते.

ध्रुवीय सफरी : डब्यांची खरी कसोटी उत्तर ध्रुवाकडील सफरींत लागली. विल्यम एडवर्ड पॅरी याने १८१९ व १८२४ मधील सफरींत डाँकिनचे डबे नेले होते. १८२५ मध्ये त्याचे ‘फ्यूरी’ हे जहाज प्रिन्स रीजंट सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर बर्फात सापडून निकामी झाले व त्यावरील अन्नसाठा किनाऱ्यावरच सोडून द्यावा लागला. १८२९ मध्ये जॉन रॉस ‘व्हिक्टरी’ या जहाजातून त्याच प्रदेशात गेला, तेव्हा त्याने या साठ्यातील डबे घेतले. पुढे त्याचे स्वतःचे जहाज बर्फात अडकले. १८३२ मध्ये ते सोडून देऊन रॉस व त्याचे सहकारी पायी फ्यूरीच्या किनाऱ्यावर परतले आणि तेथील उरलेल्या अन्नावर त्यांनी १८३२-३३ चा हिवाळा काढला. सात वर्षे उघड्या किनाऱ्यावर पडलेले डबे खाण्यायोग्य होते. ऑगस्ट १८३३ मध्ये एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने या मंडळींची सुटका केली. पॅरीच्या १८२४ च्या सफरीतून परत आलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा शंभरहून अधिक वर्षांनी, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, शास्त्रज्ञांनी उघडून तपासला, तेव्हा त्यातील मांस सुस्थितीत आढळले.

गोल्डनर प्रकरण : या यशामुळे डब्यांची मागणी वाढली व किमतीची स्पर्धा सुरू झाली. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँक्लिन ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही जहाजे घेऊन वायव्य मार्गाच्या शोधास निघाला, तेव्हा सु. ८,००० डबे पुरविण्याचे काम स्टीव्हन गोल्डनर या कमी दराच्या पुरवठादारास देण्यात आले होते आणि माल जहाजे सुटण्याच्या अगदी बेतात पोहोचला. सफरीवरील १२९ माणसांपैकी कोणीही परतले नाही. १९८० नंतरच्या दशकात तेथील मृतदेहांत शिशाचे प्रमाण जास्त आढळल्याने डब्यांच्या झाळकामातील शिशावर संशय गेला. तथापि नंतरच्या संशोधनात, केवळ या कारणाने सफरीचा नाश झाला असे सिद्ध झालेले नाही. दोन्ही बुडालेली जहाजे अनुक्रमे २०१४ व २०१६ मध्ये सापडली.

गोल्डनरच्या मालाविषयीचे निर्विवाद पुरावे मात्र पुढे आले. मांस व मजुरी स्वस्त म्हणून त्याने मॉल्डेव्हियात डॅन्यूब नदीवरील गालात्स येथे कारखाना काढला होता व तेथून जहाजाने माल इंग्लंडला येई. नौदलाने मोठ्या आकारमानाचे डबे स्वीकारण्यास सुरुवात केल्यावर नासलेल्या मालाच्या तक्रारी निरनिराळ्या तळांवरून येऊ लागल्या. जानेवारी १८५२ मध्ये गॉसपोर्ट येथील नौदलाच्या कोठारात ३०६ डबे उघडण्यात आले. त्यांपैकी केवळ ४२ खाण्यायोग्य निघाले. उरलेल्यांची दुर्गंधी इतकी असह्य होती, की तपासणी करणे कठीण झाले. वृत्तपत्रांत गदारोळ उठला व ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली. भर समुद्रात डबा नासका निघाला, तर त्या जागी दुसरे अन्न मिळण्याची सोय नसे. खलाशाला त्या दिवशी उपाशी राहणे किंवा संशयित अन्न खाणे एवढेच मार्ग उरत. यापुढे नौदलाने डेटफर्ड येथे स्वतःचा डबाबंदीचा कारखाना चालविला. सामान्य ग्राहकांच्या मनात मात्र डब्यातील मांसाविषयी बसलेली किळस दीर्घकाळ टिकली.

या अपयशाचे कारण आज स्पष्ट आहे. घट्ट भरलेल्या मांसात उष्णता अतिशय सावकाश आत शिरते. डब्याच्या सर्व मिती दुप्पट केल्या, तर मध्यभाग तेवढाच तापण्यास सु. चौपट वेळ लागतो. लहान डब्यांसाठी ठरलेल्या वेळात मोठे डबे शिजविल्यास कडेचे मांस पूर्ण शिजते. पण मधले जंतू जिवंत राहतात. हवेलाच दोषी धरणाऱ्या त्या काळच्या विचारसरणीत हे कारण ठळकपणे पुढे येणे कठीण होते.

शास्त्रीय पाया : लूई पाश्चर याच्या १८६० च्या आसपासच्या संशोधनाने कुजण्यास सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे दाखविले. कारखानदारांनी तत्पूर्वीच अनुभवाने अधिक तापमानाकडे वाटचाल सुरू केली होती. पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळले, की ते १००° से.च्या वर उकळते. ही युक्ती अमेरिकेत बॉल्टिमोर येथे १८६१ पासून वापरात आल्यावर कित्येक तासांचे शिजवणे सु. अर्ध्या तासावर आले. १८७४ मध्ये त्याच शहरात अँड्र्यू श्रायव्हर याने वाफेच्या दाबावर चालणाऱ्या पात्राचे एकस्व घेतले. अशा दाबपात्रांत तापमान अधिक अचूकपणे राखता येऊ लागले.

तरीही काही डबे नासतच. १८९० नंतरच्या दशकात सॅम्युएल प्रेस्कॉट व विल्यम अंडरवुड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे केलेल्या अभ्यासातून, उकळत्या पाण्यातही जिवंत राहणाऱ्या जंतूंच्या बीजुकांमुळे डबे नासतात व त्यांचा नाश करण्यास विशिष्ट तापमान विशिष्ट वेळ द्यावे लागते, हे सिद्ध झाले. यांपैकी सर्वांत घातक जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा होय. तो हवेविना वाढतो आणि अत्यंत तीव्र विष तयार करतो. ज्या पदार्थांचे पीएच मूल्य ४·६ पेक्षा अधिक असते, अशा मांस, मासे, दूध व बहुतेक भाज्या यांसारख्या पदार्थांच्या डब्याचा सर्वांत थंड भाग १२१° से. तापमानाला सु. तीन मिनिटे राहील एवढी किमान उष्णता देणे आवश्यक मानतात. त्याहून आंबट पदार्थांत या जंतूची वाढ होत नसल्याने फळांच्या गरास उकळत्या पाण्याचे तापमान पुरते. कोणत्या देशाने कोणते पदार्थ सहज निर्यात करावेत, यावरही या भेदाचा परिणाम झाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी झाळीऐवजी दुहेरी घडीचा सांधा असलेला डबा प्रचारात आला व पदार्थाशी येणारा शिशाचा संबंध कमी होत गेला.

महासागरापलीकडील मांसव्यापार : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनची औद्योगिक शहरे वाढत होती व मांस महाग होते. याउलट ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरे विपुल असून त्यांची कातडी व चरबी काढून मांस टाकून देण्याची वेळ येई. १८६५-६६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांत बुळकांड्या रोगाची मोठी साथ आली आणि ऑस्ट्रेलियातील डबाबंद मांसास बाजारपेठ मिळाली. ते स्वस्त असले, तरी अतिशिजलेले, धाग्याधाग्यांचे असे. त्याचा मुख्य ग्राहक गरीब वर्गच राहिला.

दक्षिण अमेरिकेतील व्यापाराचे केंद्र उरुग्वायमधील फ्राय बेंतोस हे होते. युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कृतीनुसार मांसाचा अर्क काढण्याचा कारखाना गेओर्ग गीबर्ट या अभियंत्याने तेथे उभारला. १८६५ मध्ये लंडन येथे त्यासाठी कंपनी स्थापन झाली. एक किग्रॅ. अर्कासाठी सु. तीस किग्रॅ. मांस लागे; म्हणजेच जहाजाने नेण्याचे वजन फार कमी होई. १८७३ मध्ये तेथे खारवलेल्या गोमांसाचे डबे भरण्यास सुरुवात झाली. उरुग्वाय नदी तेथे इतकी खोल आहे, की समुद्रगामी जहाजे थेट कारखान्याच्या धक्क्याला लागत. वेल्समधील कथिलाचा पत्रा व दगडी कोळसा आणीत आणि भरलेले डबे घेऊन जात. मांसाच्या डब्याला पुढे जो निमुळता आकार मिळाला, त्यामुळे आतील मांस अखंड वडीच्या रूपात बाहेर काढता येऊ लागले. १८८० च्या सुमारास शीतकरणाची सोय असलेली जहाजे यशस्वी झाली आणि गोठविलेले मांस युरोपात येऊ लागले, तरी डब्यांचा व्यापार संपला नाही. कारण वाफेची यंत्रे, बर्फघरे व शीतगृहे यांची साखळी सर्वत्र नव्हती. तीत एका ठिकाणी खंड पडला, तरी माल जाई.

दोन्ही महायुद्धांत या गुणास असाधारण महत्त्व आले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील ब्रिटिश सैनिकांचा आहार बव्हंशी खारवलेले मांस व बिस्किटे यांवर अवलंबून होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजातील प्रत्येक घनमीटर जागा मोलाची झाली; म्हणून हाडे काढलेले मांस, अंड्यांची भुकटी, आटवलेले दूध व डबाबंद पदार्थ यांना ब्रिटनच्या आयातीत अग्रक्रम देण्यात आला. एकट्या फ्राय बेंतोस येथून १९४३ मध्ये १·६ कोटी डबे रवाना झाल्याचे सांगतात. तेथील कारखाना १९७९ मध्ये बंद पडला व त्याची वास्तू २०१५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

जहाजावरील निगा : डबा निर्जंतुक असला, तरी प्रवासात त्याला तीन प्रमुख धोके असतात. पहिला धोका गंजाचा. थंड प्रदेशात भरलेले डबे उष्ण व दमट प्रदेशात आल्यावर, त्यांच्या पृष्ठाचे तापमान बाहेरील हवेच्या दवबिंदूपेक्षा कमी असेल, तर त्यांवर पाणी साचते. यास मालाचा घाम म्हणतात. याउलट उष्ण बंदरातून थंड समुद्रात जाताना जहाजाच्या पोलादी भिंती आधी थंड होतात व त्यांवर जमलेले थेंब मालावर गळतात. हा जहाजाचा घाम होय. पहिल्या प्रसंगी बाहेरची हवा आत येऊ देणे घातक, तर दुसऱ्या प्रसंगी कोठ्यास वारा देणे हितकर असते. त्यामुळे कोठ्याची झडपे केव्हा उघडावी व केव्हा मिटावी, हे दवबिंदू मोजून ठरवितात. गंजाने बारीक छिद्र पडले, तरी जंतूंचा प्रवेश होतो व लेबले सुटल्याने माल ओळखता येत नाही. दुसरा धोका आघाताचा. सांध्यावर पडलेला खोल पोचा डब्याची हवाबंदी मोडू शकतो. तिसरा धोका उष्णतेचा. उष्णता अतिशय सहन करणारी काही बीजुके योग्य प्रक्रियेनंतरही जिवंत राहतात. ती मानवास अपायकारक नसतात व नेहमीच्या तापमानाला वाढत नाहीत. परंतु माल दीर्घकाळ ४०° से.च्या वर राहिल्यास त्यांच्यामुळे पदार्थ आंबतो आणि डबा न फुगताच नासतो. म्हणून उष्ण देशांकडे जाणारा माल प्रक्रियेनंतर त्वरेने थंड करतात व जहाजावर यंत्रघरापासून दूर रचतात.

ॲबर्डीनची साथ : डबा निर्जंतुक करण्यापुरतेच लक्ष देणे पुरेसे नाही, हे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात पसरलेल्या आंत्रज्वराच्या (टायफॉइडच्या) साथीने दाखवून दिले. चारशेहून अधिक लोकांना या रोगाची बाधा झाली. साथीचे मूळ अर्जेंटिनातील रोसार्यो येथे भरलेल्या खारवलेल्या गोमांसाच्या सु. २·७ किग्रॅ.च्या एका डब्यात असल्याचे अनुमान निघाले. डबा योग्य रीतीने तापविलेला होता. तो थंड करण्यासाठी मात्र पाराना नदीचे क्लोरीन न घातलेले पाणी वापरण्यात आले होते आणि त्याच नदीत शहराचे सांडपाणी जात होते. तापलेला डबा थंड होताना आत निर्वात निर्माण होतो. त्या ओढीने सांध्यातील सूक्ष्म फटीतून पाण्याचा थेंब आत शोषला गेला. आंत्रज्वराचे जंतू वायू निर्माण करीत नसल्याने डबा फुगला नाही. समुद्र ओलांडून तो दुकानात पोहोचला, कापला गेला आणि कापणाऱ्या यंत्राच्या पात्यामुळे इतर मांसासही संसर्ग झाला. आदल्या वर्षी इंग्लंडमध्येही अशाच मांसाशी निगडित लहान साथी झालेल्या होत्या. त्यांनंतरही संशयित माल पूर्णपणे मागे घेण्यात आला नव्हता, हे चौकशीत उघड झाले. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे अलास्कातून आलेल्या सामन माशाच्या एका डब्यातील विषामुळे चौघे आजारी पडले व त्यांपैकी दोघे दगावले. १९८२ मध्ये बेल्जियममध्ये अशाच प्रकारे एक मृत्यू झाल्यावर अलास्कातील सामनचे पाच कोटींहून अधिक डबे बाजारातून परत मागवावे लागले.

आंतरराष्ट्रीय नियमन : एका देशातील चूक दुसऱ्या देशातील माणसांना भोवते, या जाणिवेतून समान नियमांची गरज पुढे आली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ मध्ये कोडेक्स ॲलिमेंटेरियस आयोगाच्या कार्यास आरंभ केला. आयोगाने १९७९ मध्ये कमी आंबट डबाबंद पदार्थांच्या आरोग्यविषयक आचारसंहितेस मान्यता दिली. तीत उष्णता-प्रक्रियेच्या नोंदी, सांध्यांची नियमित मापे, थंड करण्याच्या पाण्याचे क्लोरिनीकरण व प्रत्येक घाणीस सांकेतिक क्रमांक देणे यांचा समावेश आहे. दरम्यान अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित झालेली, धोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर नियंत्रण ठेवण्याची पद्धती डबाबंदीसही लागू करण्यात आली. तयार मालातून काही डबे उघडून पाहण्यापेक्षा माल तयार होत असतानाच प्रत्येक पायरी नोंदवून ठेवणे अधिक विश्वसनीय, हे तिचे तत्त्व आहे. आज डब्यावरील क्रमांकावरून तो कोणत्या दिवशी, कोणत्या दाबपात्रात तयार झाला, हे दुसऱ्या खंडातूनही शोधता येते. गोल्डनरच्या काळी असा मार्ग उपलब्ध नव्हता.

कंटेनर-वाहतूक : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डब्यांची खोकी धक्क्यावर जाळ्यांतून उचलून कोठ्यात हाताने रचावी लागत. त्यात खोकी फुटत, चोऱ्या होत आणि जहाजे बंदरात दिवसेंदिवस अडकून पडत. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मक्लीन याच्या ‘आयडियल-एक्स’ या जहाजाने न्यूअर्क ते ह्यूस्टन असे ५८ कंटेनर नेले. १९६६ मध्ये अटलांटिक महासागरापार कंटेनर-सेवा सुरू झाली व त्यानंतर आकारांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले. डबाबंद माल जड असल्याने कंटेनरात जागा शिल्लक असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणून त्यासाठी सु. ६ मी. लांबीचा लहान कंटेनर पसंत करतात. कारखान्यात लावलेले मोहोर थेट परदेशी गुदामात उघडले जात असल्याने आघात व चोरी कमी झाली. घामाचा प्रश्न मात्र राहिला. किंबहुना बंद कंटेनरात तो अधिक जाणवतो. त्यावर कोरडी लाकडी फळकुटे वापरणे, डबे सभोवतालच्या तापमानाला आल्यावरच भरणे आणि आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगणे हे उपाय करतात. या पिशव्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइडच असते. एके काळी डबे शिजविण्यास उपयोगी पडलेले हे लवण आता त्यांना गंजापासून वाचविते. जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनराचे प्रत्यक्ष वजन जहाजावर चढविण्यापूर्वी कळविणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक झाले आहे.

पात्रांतही बदल झाले. १९६० नंतरच्या दशकात निर्जंतुक दूध निर्जंतुक कागदी पेटीत भरण्याची पद्धती प्रचारात आली आणि १९६८ मध्ये जपानात दाबपात्रात शिजविलेली रश्शाची पाकिटे बाजारात आली. पाकीट पातळ असल्याने उष्णता लवकर आत पोहोचते व चव अधिक टिकते. त्याचे वजनही कमी असते. परंतु अणकुचीदार वस्तूने ते सहज भोसकले जात असल्याने त्यास मजबूत खोक्याचे संरक्षण द्यावे लागते.

भारत व महाराष्ट्र : सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर लंडन-मुंबई सागरी अंतर सु. दोन पंचमांशाने कमी झाले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घरांसाठी विलायती डबे मोठ्या प्रमाणावर मुंबईस येऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात प्रवाह उलट दिशेने वळविण्याचे प्रयत्न झाले. म्हैसूर येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेने डबाबंदीच्या तंत्रास शास्त्रीय आधार दिला. फळांपासून बनविलेल्या पदार्थांच्या गुणवत्तेसाठी १९५५ चा आदेश लागू झाला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखालील नियमांनी घेतली. निर्यातवाढीसाठी १९८६ मध्ये कृषी व प्रक्रियाकृत खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा) स्थापन करण्यात आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या व्यापारातील सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे आंब्याचा गर होय. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हापूस आंब्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचाच असतो व पिकलेले फळ फार दिवस टिकत नाही. डागी, लहान किंवा एकाच वेळी पिकलेली फळे ताज्या बाजारात कवडीमोल ठरतात. गर काढण्याची सोय असेल, तर त्यांनाही भाव मिळतो. आंब्याचा गर पुरेसा आंबट असल्याने, आवश्यक तेथे सायट्रिक अम्ल घालून, तो उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुरक्षितपणे डबाबंद करता येतो. निर्यातीसाठी ३·१ किग्रॅ.चे डबे सहा-सहाच्या खोक्यांत भरतात, अशी सु. ९०० ते १,००० खोकी एका लहान कंटेनरात मावतात. मोठ्या कारखानदार-ग्राहकांसाठी पिंपांतील निर्जंतुक पिशव्यांतूनही गर पाठवितात. पश्चिम आशिया व युरोप या त्याच्या प्रमुख बाजारपेठा असून, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आमरसाची वाटी बव्हंशी याच डब्यांतून भरली जाते.

मुंबई बंदरातील प्रिन्स (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व ॲलेक्झांड्रा (१९१४) या गोद्यांतून पूर्वी असा माल हमालांच्या पाठीवरून जहाजावर चढे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनरांची बहुतेक वाहतूक तिकडे गेली. मालाची नासधूस घटली; पण त्याबरोबरच जुन्या गोद्यांतील हजारो माणसांचे कामही घटले.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने अनेक कंपन्यांनी आपली जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून नेली. या वळशामुळे भारत-युरोप प्रवासास दीड ते दोन आठवडे अधिक लागले. नाशवंत मालाचे त्यात नुकसान झाले आणि डब्यांचे भाडेही वाढले. तथापि डब्यातील पदार्थ मात्र त्या विलंबाने बिघडला नाही. आपेरने सुरू केलेल्या प्रयोगांचा मूळ हेतू हाच होता. असे असले, तरी डब्याची सुरक्षितता पत्र्याच्या जाडीवर अवलंबून नसते. दाबपात्रावरील कामगाराने घेतलेली तापमानाची नोंद, थंड करण्याच्या पाण्यात घातलेला क्लोरीन, सांधा मोजणारी नजर आणि कोठ्याची झडप योग्य वेळी मिटणारा खलाशी यांपैकी एकही दुवा सुटला, तर दूरच्या देशातील अनोळखी माणसाच्या ताटात त्याचा परिणाम दिसतो.